हरकत आहे, कारण खाली

माझ्या मामाला कोणाला "नाही" म्हणवत नाही आणि "हो" म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. त्यामुळे आयुष्यभर त्याने एकाच शब्दावर निभावून नेलं: "बघतो." त्याचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाने दोन फ्रेम पुढे धरून यातली कुठली शोभते असं विचारलं, की मामा दोन्हींकडे प्रेमाने पाहायचा आणि म्हणायचा, बघतो. माझी आई म्हणजे त्याची मोठी बहीण. ती म्हणते, तरुणपणी त्याला आवडलेल्या सगळ्या मुली, हा "बघतो" म्हणत असतानाच, दुसऱ्यांशी लग्नं करून मोकळ्या झाल्या.

तर असा हा मामा एकदा सायकलवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, बोटं हलती ठेवा, एखादं वाद्य वाजवा नाहीतर विणकाम करा. मामाने विणकाम निवडलं हे शेजाऱ्यांचं नशीब. पण मासिकातल्या नक्ष्या त्याला उलगडेनात. दुकानात चष्म्यांचे नंबर ठेवण्यासाठी तो हौसेने प्रोग्रॅमिंग शिकला होताच, म्हणून त्याने स्वतःपुरता एक प्रोग्रॅम लिहिला. चौकटींच्या कागदावर चित्र काढायचं, आणि प्रोग्रॅम प्रत्येक ओळीत सुलटे टाके किती, उलटे किती ते सांगणार. त्याचं नाव त्याने ठेवलं "टाका". मग तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करून ठेवला. फुकट वापरा, आतलं यंत्र उघडून पाहा, चुकलं असेल तर दुरुस्त करून पाठवा. कोण येतंय बघायला, असं त्याला वाटलं होतं.

लोक आले. विणणारे आले, प्रोग्रॅम लिहिणारे आले, आणि दोन्ही करणारे आले तेव्हा तर मामाला आकाश ठेंगणं झालं. एक पोस्टमन होता, तो पत्रं वाटून झाल्यावर मोज्यांच्या टाचांचं गणित सुधारायचा. एका मालवाहू जहाजावरचा आचारी होता, त्याचे निरोप कधी पहाटे यायचे, कधी भर दुपारी, जहाज असेल तिथल्या वेळेने. मी स्वतः दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करून देते. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, पण नव्याने आलेल्यांना समजेल अशा भाषेत सूचना लिहायचं काम माझ्याकडे आपसूक आलं. पहिल्याच आठवड्यात मला कळलं की या प्रोग्रॅमचं नाव ठेवताना कोणी विचार केलेला नाही. "हा बदल टाक्यात टाका" असं लिहिलं की दहा जण विचारायचे, टाका म्हणजे कशात टाका?

मुख्य प्रतीत काहीही जायचं तर चावी मामाकडे. कोणी बदल पाठवला की मामा तो वाचायचा, खूश व्हायचा आणि खाली लिहायचा: बघतो. हळूहळू बघतोंचा डोंगर झाला. आचारी डावखुरा. डावखुऱ्यांना नक्षी विणता यावी म्हणून त्याने खपून एक सोय तयार केली होती. तिला बघतो मिळून वर्ष उलटून गेलं होतं.

शिवाय एक हरकत होती. म्हणजे एक व्यक्ती होती, सही फक्त "ह." आणि प्रत्येक टिपणाची सुरुवात ठरलेली: हरकत आहे. कारण खाली. खाली खरंच कारण असायचं, मुद्देसूद, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बरोबर. लोक तिला हरकत म्हणूनच ओळखू लागले. मामा सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन ती टिपणं वाचायचा आणि कॉफी गार करायचा. हा माणूस जन्मतानासुद्धा सुईणीला कारणं देत आला असणार, असं त्याचं मत होतं.

शेवटी आचाऱ्याचा धीर सुटला. त्याने सगळ्यांना कळेल असं लिहिलं, की मामांबद्दल आदर आहे, पण आता मी सगळी प्रत उचलतो आणि वेगळी चूल मांडतो. त्याला तसं करायची पूर्ण मुभा होती, खुल्या कामाचा नियमच तो. पण चुली वेगळ्या झाल्या की माणसं वाटली जातात. पोस्टमन कुठे जाणार, मोज्यांच्या टाचा कुठे राहणार?

मी दुपारच्या सुट्टीत दुकान गाठलं. मामा एक चष्मा पुसत बसला होता.

"मामा, तू बूच झाला आहेस," मी म्हटलं.

"कशाचं?"

"बाटलीचं. सगळे आत आहेत आणि तू वर बसला आहेस."

तो बराच वेळ पुसत राहिला. काच इतकी स्वच्छ झाली की आहे की नाही ते कळेना. मला वाटलं, आता येणार तो शब्द. पण तो म्हणाला, "बरं. मग मी उठतो."

संध्याकाळी त्याने सगळ्यांना लिहिलं: आजपासून मी काही ठरवणार नाही, सगळ्यांनी मिळून ठरवा. इथे थांबला असता तर बरं झालं असतं. पण मामा भिडस्त, त्याने पुढे लिहिलं, कसं ठरवायचं तेही तुम्हीच ठरवा.

झालं. आनंदाला उधाण आलं आणि त्यात सगळे बुडाले. मतदान घ्या, असं एकाने सुचवलं. मग मत कोणाला? प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना, की विणणाऱ्यांनाही? एकच टोपी विणून गेलेल्याला अर्धं मत द्यावं का? एका गृहस्थांनी मतदान घ्यावं की नाही यावर आधी मतदान घ्या असा ठराव मांडला आणि त्याला अनुमोदनही मिळालं. आचाऱ्याने लिहिलं की एवढ्या वेळात माझा सगळ्या जहाजाचा स्वयंपाक होऊन भांडीसुद्धा घासून झाली असती.

या गोंधळात हरकतीचं टिपण आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याच्या सुरुवातीला हरकत नव्हती. मी ते अजून जपून ठेवलं आहे: "मतदानात जिंकलेले राहतात, हरलेले निघून जातात. आपण आधीच मोजके. तेव्हा कोणाला आवडलं हे विचारू नये. हे कोणाला अजिबात चालणार नाही, आणि का, एवढंच विचारावं. कारण सांगितलं की ते सगळ्यांचं झालं, मग सगळ्यांनी मिळून ते सोडवायचं. कारण सांगता येत नसेल तर ती हरकत नव्हे, तो रुसवा."

मामाने ते दोनदा वाचलं. "कटकट्या आहे," तो म्हणाला, "पण माणूस शहाणा आहे." आणि त्यानेच सुचवलं की एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटू या.

आचाऱ्याचं जहाज बंदराला लागणार होतं तो रविवार धरला. स्वस्तात मिळाला म्हणून पोहण्याच्या तलावावरचा हॉल घेतला. वर क्लोरीनचा वास, आणि खालून मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची शिट्टी. मी आणि मामाने खुर्च्या गोल मांडल्या. माणसं येऊ लागली आणि प्रत्येकाने दुसऱ्याची कल्पना भलतीच केलेली निघाली. पोस्टमन धिप्पाड असेल असं मला वाटलं होतं, तो माझ्या खांद्याला लागत होता. आचारी मात्र दारातून वाकून आत आला.

तेवढ्यात एक उंच बाई आल्या. आखूड पांढरे केस, चिखलाचे बूट, काखेत पिवळं हेल्मेट. मामाने एकदा हेल्मेटकडे पाहिलं, तो घाबरला आणि त्याला वाटलं की इमारत तपासायला कोणी अधिकारी आल्या. त्याने त्यांना आग विझवायचं नळकांडं दाखवलं, मागचं दार दाखवलं, आम्ही फक्त विणणार आहोत असंही सांगितलं. बाईंनी दाराची कडी दोनदा वर-खाली करून पाहिली आणि ती अडकते हे शांतपणे त्याच्या ध्यानात आणून दिलं. मग त्या गोलात एका खुर्चीवर बसल्या, हेल्मेट उलटं मांडीवर ठेवलं आणि त्यातून लोकरीचा गुंडा आणि सुया बाहेर काढल्या.

"मी ह.," त्या म्हणाल्या. "पूल तपासायचं काम करते. थेट कामावरून आले."

मामाचं तोंड उघडंच राहिलं. असं उघडं तोंड मी रोज पाहते, पण ते माझ्यासाठी उघडलेलं असतं.

"तुम्ही... बाई आहात?" तो म्हणाला.

"हो. हरकत आहे?"

"नाही," मामा म्हणाला. स्पष्ट, खणखणीत, क्षणाचा विलंब न लावता. माझ्या कानांनी त्याच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं "नाही".

नंतर मी घरी जाऊन जुनी टिपणं चाळली. "मी पाहिलं", "मी तपासलं", "मला पटलेलं नाही." एकाही वाक्यात करते नाही की करतो नाही. त्यांनी ते लपवलं वगैरे नव्हतं. त्यांचं लिहिणंच तसं झालेलं होतं, पुलाच्या अहवालासारखं.

सभा सुरू झाली. मी म्हटलं, ज्यांना चालणार नाही त्यांनी हात वर करा. पण हात कोणाचेच मोकळे नव्हते. जमलेली सगळी माणसं विणणारी, नुसतं बसायची कोणाला सवय नाही. तेव्हा पोस्टमन म्हणाला, मग हातातलं खाली ठेवावं, तेच सोपं. ज्याला चालेल त्याने विणत राहावं, ज्याला अजिबात चालणार नाही त्याने सुया मांडीवर ठेवाव्यात. सगळ्यांनी मान डोलावली आणि सुया वाजत राहिल्या. आमचा पहिला ठराव असा मंजूर झाला.

आचाऱ्याने उभं राहून आपली डावखुऱ्यांची सोय मांडली. हॉलभर सुयांची टिकटिक चालू होती आणि मग एका खुर्चीत ती थांबली. हरकतबाईंनी सुया खाली ठेवल्या होत्या.

कारण त्यांनी थोडक्यात सांगितलं. या सोयीत चित्रही फिरतं आणि ओळी वाचायची दिशाही फिरते. एकच फिरायला हवं. दोन्ही फिरल्यावर फुलांना काही होत नाही, पण अक्षरं उलटी येतात.

आचारी लालबुंद झाला. मला वाटलं आता चूल वेगळी होतेच. तो खाली वाकला, पिशवीतून एक निळा स्वेटर काढला आणि सगळ्यांसमोर धरला. छातीवर पांढऱ्या लोकरीत "आई" विणलेलं होतं, आरशात दिसावं तसं उलटं.

"मला वाटत होतं माझंच विणकाम चुकतंय," तो म्हणाला. "आई तो घालून आरशासमोर उभी राहते आणि म्हणते, बरोबर तर आहे की."

आधी कोणीतरी नाकातून हसलं, मग पोस्टमन हसला, मग स्वतः आचारी असा हसला की खुर्ची करकरली. हरकतबाई उठून त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मामाचा लॅपटॉप मध्ये ठेवून ती दोघं त्या दोन फिरण्यांपैकी एक काढायला लागली, आणि बाकीचे विणत वाट पाहू लागले. अडचण एवढीच, की मामाला चार माणसांत विणायची सवय नव्हती. त्याच्या हातून सारखी सुई पडायची. सुई पडली की टिकटिक थांबायची आणि सगळे त्याच्याकडे पाहायचे. हरकत आहे का मामा, असं मी विचारायचे, आणि तो कानापर्यंत लाल होऊन सांगायचा की नाही, घसरली. दर वेळी सुई घरंगळत हरकतबाईंच्या बुटांपाशीच जायची. दर वेळी त्या काम थांबवून ती उचलून त्याच्या हातात द्यायच्या. उतार त्याच बाजूला होता, असं मामा अजून म्हणतो.

दुरुस्ती झाली. मी पुन्हा विचारलं. सगळ्या सुया चालूच राहिल्या, मामाचीसुद्धा. एवढा मोठा होकार मी कधी ऐकला नव्हता, आणि कोणी एक शब्दही बोललेलं नव्हतं. मग मात्र जो आरडाओरडा झाला, त्याने खालचा प्रशिक्षक ओल्या पायांनी वर धावत आला, छत पडतंय का बघायला. त्यालाही कोणीतरी एक टोपी दिली.

त्याच दिवशी चावीचं ठरलं. मामा, आचारी आणि हरकतबाई अशा तिघांकडे चाव्या, आणि तिघांतल्या दोघांनी पाहिल्याशिवाय काही आत जायचं नाही. नवीन काही सुचवायचं तर चार प्रश्नांची उत्तरं लिहायची आणि आठ दिवस हरकतींसाठी थांबायचं.

त्यानंतर कामं अशी भराभर होऊ लागली की आम्हालाच गरगरायला लागलं. आणि मामाला पुलांची गोडी लागली. तो दुकान लवकर बंद करून निघायचा. आज पुलावर कॉफी, उद्या पुलाखाली कॉफी. बाईंना धुळीत काम करावं लागतं म्हणून त्याने त्यांच्या नंबरचा, बाजूंनी बंद असलेला चष्मा करून दिला. फ्रेम त्याने स्वतः निवडली, एका झटक्यात. हे ऐकून आईने हातातलं काम टाकलं आणि ती माझ्याकडे पाहत राहिली. "ज्याला पंख्याचा वेग ठरवता येत नाही, त्याने फ्रेम निवडली?" ती म्हणाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

एका सोमवारी सकाळी टाक्याच्या पानावर नवा प्रस्ताव दिसला. मांडणारा मामा. विषय: लग्न.

चारही प्रश्नांची उत्तरं भरलेली होती. काय बदलायचं आहे? दोन घरांचं एक घर. दुसरे कोणते पर्याय पाहिले? एकटं राहून पाहिलं. तपासून पाहिलं का? हो, कॉफी पीत, वारंवार. बदल नंतर मागे घेता येईल का? यापुढे त्याने एकच शब्द लिहिला होता: नको.

मी दवाखान्यात जायच्या वाटेवर ते वाचलं आणि माझा स्टॉप गेला. लोकांचा नुसता पाऊस पडला. पोस्टमनने लिहिलं की माझ्या सुया चालू आहेत. आचाऱ्याने भर समुद्रातून कळवलं की केक माझ्याकडे लागला. आईचा मात्र संताप संताप झाला. सगळ्या जगाला लिहिलंस आणि सख्ख्या बहिणीला नाही, असं ती मामाला फोनवर अर्धा तास ऐकवत होती, आणि मधूनच रडत होती आणि मधूनच मला खुणेने विचारत होती की बाई दिसायला कशा आहेत.

एकाच ठिकाणी शांतता होती. हरकतबाईंनी काही लिहिलं नव्हतं. एक दिवस गेला, दोन गेले. मामाने एका गिऱ्हाइकाला दोन डाव्या काचा बसवून दिल्या.

मुदत संपायला एक दिवस उरला होता. मी एका टॅक्सीवाल्याचे दात साफ करत होते, वरचे झाले होते, खालचे राहिले होते. दार ढकलून मामा आत आला, चेहरा पांढराफटक, हातात फोन. त्याने तो माझ्यापुढे धरला आणि मी हातमोजे घातलेले, म्हणून त्यानेच मोठ्याने वाचलं.

"हरकत आहे. कारण खाली. पहिलं: ज्या व्यक्तीवर सर्वाधिक परिणाम होणार, तिला प्रस्तावाआधी विचारलेलं नाही. दुसरं: तीनपैकी दोन चाव्या एका घरात आल्या तर ती दोघं जेवता जेवता काहीही मंजूर करतील. हे चालणार नाही. एक चावी परत जावी. बाकी प्रस्ताव उत्तम आहे. उत्तराची वाट पाहते आहे."

"पाहते," मी म्हटलं. "मामा, पाहते लिहिलंय."

त्याला कळलं नाही. मी त्याला समजावलं की या बाईंनी इतक्या वर्षांत इथे एकदाही स्वतःबद्दल असं लिहिलेलं नाही. अहवालात कोणी वाट पाहत नसतं. टॅक्सीवाल्याला सगळं कळलं होतं, तो तोंड उघडं ठेवून जोरजोरात मान हलवत होता. त्याने चूळ भरली आणि म्हणाला, "गाडी खाली आहे. खालचे दात उद्या करू."

मामाने तिथेच उभ्या उभ्या चावी सोडली. जे यंत्र त्याने मोडक्या मनगटाने उभं केलं होतं, त्याची चावी सोडायला त्याला एक ओळ पुरली. (ती पुढे कोणाला द्यायची यावर महिनाभर खल झाला. माझं नाव आलं तेव्हा मीच सुया खाली ठेवल्या, कारण मीही त्याच घरातली. शेवटी ती पोस्टमनला मिळाली.) आमच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जा म्हणून हात केला.

टॅक्सीवाल्याच्या गळ्यात दवाखान्याचा निळा रुमाल तसाच होता. त्याने नदीपर्यंत गाडी अशी आणली की मामाने डोळे उघडलेच नाहीत. पुलाच्या मधोमध, एका क्रेनला टांगलेल्या पिंजऱ्यात बसून हरकतबाई पुलाच्या पोटाला हातोडीने ठोकून आवाज ऐकत होत्या. आम्ही काठावर. मामाने तोंडाभोवती हात धरून हाक मारली. वरून ट्रक चालले होते, काही ऐकू जाईना.

काठावर त्यांचा एक मुकादम उभा होता, हातात वॉकीटॉकी. काय निरोप द्यायचा ते त्याने विचारलं. मामा शब्द जुळवत होता, तेवढ्यात टॅक्सीवाल्यानेच सांगून टाकलं, लग्न कराल का विचारा. मुकादमाने वॉकीटॉकीत सांगितलं, ते क्रेनवाल्याने ऐकलं, आणि क्रेनवाल्याने खिडकीतून वाकून पिंजऱ्याकडे ओरडून विचारलं. आम्हाला फक्त हातोडी थांबलेली दिसली. मग निरोप उलट्या वाटेने परत आला.

"विचारतायत," मुकादम म्हणाला, "की चावी दिली का?"

"दिली," मामा म्हणाला.

निरोप वर गेला. पुन्हा खाली आला. या वेळी मुकादम आधी स्वतःच हसला.

"म्हणतायत, मग चालेल. आणि म्हणतायत, तुम्ही हेल्मेटशिवाय कामाच्या जागेत उभे आहात, ते चालणार नाही."

मुकादमाने आपलं हेल्मेट काढून मामाच्या डोक्यावर ठेवलं. पिंजरा हळूहळू काठाला आला. मला वाटलं बाई उतरतील. त्या उतरल्या नाहीत, त्यांनी आतून फाटकाची दांडी उचलली आणि सरकून जागा केली. मामाला उंचीची भीती वाटते, दुकानातल्या वरच्या खणासाठीसुद्धा तो शिडीवर मलाच चढवतो. त्याने एकदा नदीकडे पाहिलं, एकदा बाईंकडे पाहिलं आणि आत पाऊल टाकलं. मी आईला फोन लावला. ती विचारत होती, काय झालं, अगं काय झालं, आणि मला हसू आवरेना म्हणून सांगता येईना. क्रेन फिरली, पिंजरा पाण्यावरून वर वर जाऊ लागला. मामा एका हाताने दांडी घट्ट धरून दुसऱ्या हाताने खुणा करत आम्हाला काहीतरी ओरडून सांगत होता. टॅक्सीवाला, मुकादम आणि मी, आम्ही तिघेही हात हलवत राहिलो.